पेटी मिळेल

बीड बायपासच्या भिंतीवरची ती अक्षरं माझी, हे आधीच सांगून टाकतो. उद्या दुसऱ्या कोणी शोधून काढून तोंडावर मारण्यापेक्षा आपणच कबूल केलेलं बरं. पांढऱ्या चुन्यावर काळा रंग, दीड हात उंचीची अक्षरं आणि मजकूर एवढाच: 'पेटी मिळेल. कधीही. मुंजाबा.' त्याखाली मोबाइलचा नंबर. शहरात अशा चार भिंती मी रंगवल्या आणि पाचवी कन्नडला, बाजारातल्या पिठाच्या गिरणीची.

मुंजाबानं मला वहीच्या पानावर लिहून आणलेला मजकूर वेगळा होता. 'सुप्रसिद्ध हार्मोनियम वादक मुंजाबा मास्तर यांची पेटी भजन, भारूड व सप्ताह यासाठी मिळेल. कधीही संपर्क साधावा.' मी म्हणालो, "मास्तर, माणूस गाडीवरनं भुर्रकन जातो. तो तुमचा निबंध वाचत थांबणार हाय का?" सांडू पेंटर म्हणजे कमी अक्षरांत काम, ही माझी तेव्हा मिजास होती. मी पान घेतलं आणि काटछाट केली. हार्मोनियम गेलं, वादक गेलं, भजन-भारूड गेलं. उरलं ते भिंतीवर चढलं. मुंजाबा खाली उभा राहून मान वाकडी करून वाचत होता. "पेटी म्हणलं की समजल ना लोकायला?" त्यानं विचारलं. मी शिडीवरून म्हणालो, "न समजायला काय झालं?"

तेव्हा खरंच सगळ्यांना समजत होतं. माझ्या बाजूनं बोलायला एवढा एकच मुद्दा आहे माझ्याकडे.

मुंजाबा मूळचा सोयगावकडचा. मेंढरंवाल्यांच्या घरात जन्म, त्यामुळे एका गावात फार दिवस राहायची सवयच नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात तो चौदा वर्षांचा होता. कळप डोळ्यांदेखत संपला आणि आई सारजाबाई त्याला घेऊन तलावाच्या कामावर खडी फोडायला आली. तिथले मुकादम नानासाहेब हे मोठ्या घरचे, भजनाचे वेडे. दुपारच्या सुट्टीत ते लिंबाखाली सतरंजी टाकून पेटी वाजवत. त्यांच्या शेजारी बसायची कोणाची छाती नव्हती, म्हणून मुंजाबा समोर बसायचा. समोरून बघून बघून, मांडीवर बोटं आपटत, तो पेटी शिकला. पण आरशात बघून शिकावं तसं सगळं उलटं. नानासाहेब उजव्या हातानं वाजवत आणि डाव्यानं भाता मारत. मुंजाबाचा डावा हात पट्ट्यांवर आणि उजवा भात्यावर.

एक दिवस नानासाहेबांनी गमतीनं त्याच्यापुढे पेटी सरकवली. त्यानं डावा हात टाकला तशी सगळी माणसं हसली. नानासाहेब हसले नाहीत. "उलटा हाय, पण सुरात हाय," एवढंच ते म्हणाले. काम बंद झालं तेव्हा त्यांनी ती जुनी पेटी त्यालाच देऊन टाकली. सारजाबाईनं मात्र कपाळाला हात लावला. "मेंढरं गेली आन् लाकूड आलं. ह्याची लोकर कवा कातरायची?" असं ती मरेपर्यंत म्हणत होती.

डावा हात असल्यामुळे मुंजाबाची बोटं सारखी खालच्या सुरांवर जायची. बाकीचे पेटीवाले वरच्या सुरांत लाडिकपणा करत, हा आपला खर्जात फिरायचा. लग्नात त्याला कोणी बोलवत नसे. "मास्तरची पेटी विहिरीतून बोलती," असं लोक म्हणत. पण जिथं माणसांना मनातलं जड काही उतरवायचं असेल, तिथं त्यालाच बोलावणं. भारूड पार्टीबरोबर तो तीस वर्षं फिरला. कन्नड, सोयगाव, सिल्लोड, पैठण, घाट उतरून पार चाळीसगावपर्यंत. एसटीत पेटी मांडीवर. कंडक्टरनं "ह्याच्यात काय?" म्हणून विचारलं की "माझं पोट," असं उत्तर द्यायचा.

त्या पार्टीत गायला चंपाबाई होती. कन्नडच्या पुढे घाटाच्या तोंडाशी तिचं माहेर. सोळाव्या वर्षी गायला बाहेर पडली, तेव्हा भावानं, कडूबानं, वेशीत उभं राहून सांगितलं होतं, "माझ्या अंगणात तुझी पेटी यायची नाय." नंतर तो तिला दिवाळीला बोलवायचा, साडी द्यायचा, जेवू घालायचा. पण गाणं नाही. चंपाबाईनं सगळ्या तालुक्याला रडवलं आणि माहेरच्या चार घरांनी तिचा आवाज ऐकला नव्हता. ती कन्नडच्या बाजारात एका खोलीत एकटी राहायची, गिरणीच्या समोरच.

गाणाऱ्याची स्वतःची एक पट्टी असते. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून तिचं नाव सांगतात. चंपाबाईची काळी पाच. तरुणपणी ती काळी पाचला अशी उभी राहायची की मांडवाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्याच्याही अंगावर काटा यायचा. वय वाढतं तशी पट्टी खाली येते. पन्नाशीत ती पांढरी सहावर आली. मुंजाबाला हे तिच्याआधी कळलं होतं. तिनं न सांगता त्यानं एका कार्यक्रमात हात एक घर खाली सरकवला आणि ती त्याच्याकडे न बघता गात राहिली. मला विचाराल तर त्या दोघांत जे काही होतं ते एवढंच आणि एवढं मोठं होतं. मुंजाबाची बायको पारूबाई शहाणी. ती म्हणायची, "त्यांचं काय हाय ते पेटीच्या त्या अंगाला. ह्या अंगाला मी हाय." आणि चंपाबाई घरी आली की तिच्यासाठी पिठलं टाकायची.

चंपाबाईचं एक गाणं होतं, तिनं स्वतः जुळवलेलं. दुष्काळात लोक तेच मागायचे.

विहीर माझी माय गं, तिचं पाणी कुठं गेलं
दोर सोडला खोल, वर माझंच नाव आलं

हे तिला एकदा माहेरच्या अंगणात गायचं होतं. मेल्यावर भजन नको, जिवंतपणी हे एक गाणं हवं. मुंजाबाला तिनं शब्दात बांधून ठेवलं होतं. "दादा व्हय म्हणला की फोन करायला लावीन. नंबर माझ्या दारासमोरच हाय. फोन आला की पेटी घिऊन निघायचं, मास्तर. भाकर खात बसायचं नाय." आणि मास्तरनं पेटीवर हात ठेवून शब्द दिला होता.

आता माझ्या भिंतीकडे येतो.

मी रंगवली तेव्हा बीड बायपासला त्या भिंतीसमोर मोकळं रान होतं. एका बाजूला ज्वारी, दुसऱ्या बाजूला वीटभट्टी. मग शहर तिकडे सरकलं. प्लॉट पडले, कमानी आल्या, चार-चार मजले चढले. आणि बरोबर भिंतीसमोर एक मोठं हॉस्पिटल उभं राहिलं. दाराबाहेर आलेल्या माणसाची नजर सरळ समोर जाते. समोर माझी दीड हाताची अक्षरं. पेटी मिळेल. कधीही.

पहिला फोन आला तेव्हा मी शेजारीच होतो. जायकवाडीचं पाणी तळाला गेलं होतं ते वर्ष. सकाळची वेळ, आम्ही टपरीवर चहा घेत होतो. मुंजाबाला चार महिन्यांत एक बोलावणं नव्हतं. फोन वाजला तसा त्यानं चहा खाली ठेवून तो दोन्ही हातांनी उचलला.

"पेटी आहे का?" पलीकडच्या माणसाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"हाय ना. कवा पायजे?"

"आत्ताच."

"कारेक्रम कुठं हाय?"

पलीकडे काहीच आवाज नाही. मुंजाबाला वाटलं ऐकू गेलं नाही. तो मोठ्यानं म्हणाला, "नाय, म्हंजी किती येळ वाजवायची? संगं गाणारं हाय का आम्हीच आणायचं?"

मग तो माणूस रडायला लागला. रडता रडता त्यानं शिवी दिली. त्याचे वडील गेले होते, भाऊ पुण्याहून संध्याकाळी पोचणार होता आणि उन्हाळ्याचे दिवस. त्याला बर्फाची पेटी हवी होती. नव्यानंच निघालेली ती विजेवर चालणारी, काचेच्या झाकणाची, मयत ठेवायची.

मी हसलो. लाज वाटते सांगायला, पण हसलो. मुंजाबा हसला नाही. त्यानं चहा तसाच टाकला आणि म्हणाला, "पेंटर, तुमी काय लिवलंय ते आज मला कळलं."

त्यानंतर फोन थांबले नाहीत. सप्ताहात हजार माणसं जेवायची तर पाणी हवं, आणि गावोगाव टँकर सुरू होते, त्यामुळे सप्ताह बंद. जत्रा बंद. वाजवायच्या पेटीला कोणी विचारेना आणि दुसऱ्या पेटीचे फोन आठवड्याला तीन, मग पाच, मग रोज. मुंजाबानं एका ॲम्ब्युलन्सवाल्याचा नंबर पाठ केला. फोन आला की तो आधी विचारायचा, "कोण गेलं? वय काय व्हतं?" मग दोन शब्द धीराचे बोलून नंबर द्यायचा. शहरात कोण मेलं हे त्याला सोयऱ्यांच्या आधी कळायला लागलं. गल्लीतले लोक त्याचा फोन वाजला की बोलणं थांबवायचे. भाजी निवडणारी बाई हात थांबवायची. समोरच्या दुकानदारानं एकदा त्याला सांगितलं, "मास्तर, जरा पलीकडं जाऊन बोला, पोरगं आजारी हाय माझं."

मी त्याला म्हणालो, "मी फुकट पुसतो. एका दिवसात पाची भिंती पांढऱ्या करतो. नाहीतर नंबर बदला."

"आन् चंपाबाईनं कुठं फोन करायचा?"

"तिला नवा नंबर देऊन या."

"तिला वाचता येत नाय. गिरणीच्या भितीवर हाय, तेवढाच तिचा नंबर. ती कुणाला बी बोट दाखवून सांगती, त्यो लाव म्हणून. भित पुसली आन् त्याच दिवशी कडूबा व्हय म्हणला तर?"

मी गिरणीवर नवा नंबर टाकून देतो असंही म्हणालो. तो नाही म्हणाला. तीस वर्षांत ज्याला एक सूर चुकलेला खपला नाही, त्याला एक आकडा बदलायची भीती वाटत होती. मी चिडलो. मेल्यांच्या बातम्या झेलत बसायची हौस असेल तर बसा म्हणालो आणि महिनाभर त्याच्याकडे गेलो नाही.

त्याचा मुलगा रामेश्वर चितेगावला एका कंपनीत ठेक्यावर होता. कंपन्यांचं पाणी तोडलं तशा पाळ्या कमी झाल्या आणि ठेक्याची माणसं आधी घरी आली. रामेश्वर घरी बसून बापाचे फोन ऐकायचा. एक दिवस म्हणाला, "आबा, लोक रडत रडत फोन करत्यात आन् आपण त्यायला दुसऱ्याचा नंबर देतो. आपणच का नाय ठिवायची?" पोरगं वाईट नव्हतं. त्याच्या म्हणण्यात खोट काढावी असं मला तेव्हाही काही सापडलं नाही. त्यानं मित्राबरोबर जुनी टेम्पो गाडी घेतली, पेटी आणली आणि गाडीवर नाव टाकायला माझ्याकडेच आला. "काका, भितीवर हाय तसंच लिवा. लोकायला तीच अक्षरं माहीत हायेत." मी लिहिलं. दुसऱ्यांदा तीच चूक, तीच अक्षरं, आणि या वेळी मला अर्थ माहीत होता.

दोन खोल्यांचं घर. ती लांबलचक पेटी ठेवायला जागा फक्त बाहेरच्या खोलीत. पारूबाईनं तिच्यावर फुलाफुलांची चादर टाकली, तरी पाहुण्याला ती काय आहे ते कळायचंच. पाण्याचे ड्रम, धान्याची कोठी आणि ती. हार्मोनियमला जागा उरली नाही, म्हणून मुंजाबाची पेटी त्या पेटीवर बसली. मी पहिल्यांदा ते बघितलं आणि दारातच थांबलो. मुंजाबा नुसता म्हणाला, "बघा पेंटर, दोन्ही मिळत्यात आता."

दोन वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला, तो आधीच्याहून वाईट. हवा एवढी कोरडी की पेटीचं लाकूड आकसलं. एका दुपारी तो भाता मारून बघत होता, आणि पट्टीला बोट न लावता एक सूर वाजायला लागला. पेटीवाले ह्याला पेटी रडते म्हणतात. पट्टी नीट बसली नाही की आतली हवा निसटते, बाकी काही नाही. मुंजाबानंच मला हे पूर्वी समजावलं होतं. पण त्या दिवशी त्यानं भात्यावरचा हात काढून घेतला.

"कोणता सूर?" मी विचारलं.

"काळी चार. आनखी एक घर खाली. चंपाबाई मागच्या खेपंला काळी चारलाच आली व्हती."

दुसऱ्या दिवशीच तो एसटीनं कन्नडला गेला. परत आला तो सरळ माझ्याकडे. मग सांगितलं. तिच्या पोटात गाठ होती, डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं होतं. ती त्याला म्हणाली, "मास्तर, ह्याच्या खाली माझा गळा नाय. काळी चार हाय तवर दादानं व्हय म्हणावं, येवढीच आस हाय." कडूबा तिला माहेरी घेऊन गेला होता, तिथंच मुंजाबा तिला भेटून आला. गाण्याचं अजून बोलला नव्हता.

आता मुंजाबा फोन उशाशी ठेवू लागला. प्रत्येक वेळी वाजला की आशा आणि धास्ती एकदमच. बर्फाची पेटी मागणारा असला की त्याला आधी हायसं वाटायचं, कारण ती चंपाबाईच्या मरणाची बातमी नव्हती. आणि मग त्या हायसं वाटण्याची शरम. हे त्यानंच मला सांगितलं. "कुणाचा बी बाप गेलेला आयकून मला बरं वाटतंय, पेंटर. असला कसा मानूस झालो मी?"

आणि तो फोन आला त्या सकाळी मुंजाबा टँकरच्या रांगेत होता. फोन चार्जिंगला लावून गेला होता. रामेश्वरनं उचलला.

पलीकडे म्हातारा, कोरडा आवाज. कडूबा. आयुष्यात पहिल्यांदा पेटी मागत होता, त्यामुळे त्याला शब्दही धड जमत नव्हते. तो म्हणाला, "चंपाबाईसाठी पेटी पाठवा. आता लई येळ नाय. लोकं गोळा व्हायलेत." आणि गावाचं नाव सांगून फोन ठेवून दिला.

यात चुकीचा एक शब्द नाही. रामेश्वरच्या जागी मी असतो तरी तेच समजलो असतो, आणि तुम्हीही.

तो धावत रांगेकडे गेला. मी तिथंच हंडा लावून होतो. "आबा," तो म्हणाला, "चंपाआत्या गेली." मुंजाबाच्या हातातली घागर खाली पडली आणि दोन तास रांगेत राहून मिळवलेलं पाणी मातीत गेलं.

घरी आल्यावर पोरांनी मोठी पेटी गाडीत चढवायला घेतली. त्यासाठी वरची पेटी उचलावी लागली. मुंजाबानं ती उचलली, छातीशी धरली आणि तसाच उभा राहिला. पारूबाई म्हणाली, "घिऊन जा की संगं." तो म्हणाला, "मेलेल्या माणसाला पेटी कशाला? तिला जितेपणी पायजे व्हती." आणि त्यानं ती कोठीवर ठेवली. मी तिथं होतो. मी एक शब्द बोललो असतो तर! पण मलाही ते बरोबरच वाटलं.

गाडीत पुढे रामेश्वर आणि त्याचा मित्र, मागे पेटीच्या दोन बाजूंना मी आणि मुंजाबा. रस्ताभर करपलेलं रान, चारा छावण्या, उलट दिशेनं येणारे रिकामे टँकर. मुंजाबा एकदाच बोलला. "कडूबा व्हय म्हणला नाय. दगड हाय त्यो."

गावात शिरलो तेव्हा दहा-साडेदहा झाले असतील. अंगणात मंडप नव्हता, पण सतरंज्या होत्या आणि माणसं बसलेली होती, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. रामेश्वरनं सवयीनं गाडी उलटी लावली. मागचं दार उघडलं. दोघांनी पेटी धरून निम्मी बाहेर ओढली. मी खाली उतरलो आणि बघितलं की कोणी रडत नाही.

लिंबाखाली बाजेवर, मागे गोधड्यांचा लोड लावून, चंपाबाई बसली होती. हिरवी साडी, तेल लावून विंचरलेले केस, हातापायांच्या नुसत्या काड्या. जिवंत. ती आमच्याकडे बघत होती. सगळं अंगणच त्या काचेच्या झाकणाकडे बघत होतं.

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. कडूबा काठी टेकत पुढे आला. त्याला आधी काही कळेना. मग कळलं आणि त्यानं रामेश्वरवर काठी उगारली. मुंजाबा गाडीतून उतरला तो जमिनीवरच बसला. लहान मुलासारखा रडायला लागला. "मला वाटलं... चंपाबाई, मला वाटलं..."

"काय वाटलं ते दिसतंय," ती म्हणाली. आवाज पार बसला होता, पण प्रत्येक शब्द ऐकू आला. "येवढी मोठी पेटी कशाला आणली, मास्तर? मला बारकी बी चालली असती."

कोणी हसलं नाही. ती स्वतःच जराशी हसली आणि खोकली.

"मी जातो परत," रामेश्वर हात जोडून म्हणाला, "घिऊन येतो, आत्या. चार तासात येतो."

"चार तासाचा दम नाय रं माझ्यात. आज सकाळी उठले तवा बसता आलं, म्हणून दादा कन्नडच्या गिरणीपुढं फोन करायला गेला." मग तिनं कडूबाकडे बघितलं. "ठिव ती काठी. तू म्हणला व्हतास, माझ्या अंगणात पेटी यायची नाय. आली बघ."

कडूबा मटकन ओट्यावर बसला. त्या माणसाचा मला तोवर राग होता. त्या क्षणी राग गेला.

चंपाबाईनं पुन्हा त्या काचेच्या झाकणाकडे बघितलं. मग विचारलं, "हिच्यात आवाज असतो का?"

"मोटार असती, आत्या. घूं करती नुसती."

"लाव."

बायकांतून "नको गं माय," असं आलं. ती पुन्हा म्हणाली, "लावा म्हणते ना. लाईट हाय तवर लावा." रामेश्वरनं घरातून वायर ओढली. पिन दोनदा सुटली. मग मोटार सुरू झाली. सलग, खालचा, न थांबणारा आवाज. सगळ्या अंगणात तो जमिनीतून आल्यासारखा भरला.

मुंजाबानं रडता रडता मान वर केली. कान थोडाच कुठे जातो. "पांढरी पाच," तो म्हणाला.

"माझ्या खालची का?"

"एक पट्टी खाली."

"येते मग खाली," चंपाबाई म्हणाली.

आणि ती त्या सुरावर उतरली. काळी चारच्या खाली माझा गळा नाही म्हणणारी बाई. पहिल्या ओळीला आवाज फाटला, दुसऱ्या वेळी सुरात बसला. विहीर माझी माय गं. मुंजाबा उठला, पेटीपाशी गेला, आणि काचेच्या झाकणावर त्यानं डावा हात ठेवला. बोटं चालायला लागली. आवाज काही नाही, काचेवर नुसती टिकटिक. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. दोर सोडला खोल, वर माझंच नाव आलं. मोटार, तो फाटका आवाज आणि ती टिकटिक. मला पळून जावंसं वाटत होतं. माझ्या अक्षरांनी आणलेली पेटी होती ती, आणि सगळं गाव तिच्या सुरात गाणं ऐकत होतं. कडूबा ओट्यावर तोंड झाकून बसला होता.

गाणं पुरं झालं तेव्हा चंपाबाई म्हणाली, "बंद करा आता. आन् परत आणू नका."

सहाव्या दिवशी ती गेली. कडूबाचा फोन आला. "पेटी नको. दुपारच्या आत उरकतो. सांगायचं म्हणून केला," एवढंच बोलून त्यानं ठेवला.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. पोळ्याच्या आसपास मुंजाबा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "पेंटर, पुसा आता. ज्या फोनासाठी नंबर ठिवला व्हता, त्यो येऊन गेला." रामेश्वरनं गाडीसाठी वेगळा नंबर घेतला. त्या गाडीवर मी 'शीत शवपेटी' असं पूर्ण लिहून दिलं, एक अक्षर कमी न करता.

कन्नडची गिरणी आधी पुसली, मग शहरातल्या तीन. बायपासची शेवटी. मुंजाबा बरोबर आला होता, खाली शिडी धरून उभा. मी आकडे पुसत आलो होतो तेव्हा त्याच्या खिशात फोन वाजला. आम्ही दोघंही एकदम थांबलो.

"हॅलो," तो म्हणाला. ऐकत राहिला. सवयीनं विचारलं, "कोण गेलं?"

पलीकडचा माणूस मोठ्यानं हसला, मला वरपर्यंत ऐकू आलं. "अहो मास्तर, कोण जातंय? पाणी आलंय विहिरीला. चार वर्षांनी सप्ताह बसवतोय गावात. वाजवायची पेटी पाहिजे, तुमचीच."

मी शिडीवरून खाली बघितलं. मला वाटलं, आता तरी. मुंजाबाचा डावा हात शिडीवर होता. त्याची बोटं एकदा हलली आणि थांबली.

"नाय मिळणार," तो म्हणाला.

"का हो? तारीख बदलू की."

"तारखंचं नाय. जिथं न्यायची व्हती तिथं नेली नाय मी." त्यानं फोन बंद केला, खिशात ठेवला आणि पुन्हा दोन्ही हातांनी शिडी धरली. "पुसा, पेंटर," तो म्हणाला. "ऊन चढायलंय."

भिंतीवर तेवढं त्याचं नाव उरलं होतं. मी ब्रश चुन्यात बुडवला आणि ते पुसलं.